बाईंच्या फळ्या

चपला काढायच्या, पदर कमरेला खोचायचा आणि डाव्या पायाची टाच दाणकन जमिनीवर आपटायची. कुठेही गेल्या तरी बाईंचं पहिलं काम हे. मग मान जरा तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "चालेल," नाहीतर "छे." या, बसा, पाणी घ्या, हे सगळं त्यानंतर.

पुण्यात नाचाचे आणि नाटकाचे कार्यक्रम बघत असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलंच असणार. बुटक्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीची सुती साडी, आणि उजवा गुडघा न वाकवता चालायच्या. सभागृहाच्या दाराशी उभ्या असायच्या. उशिरा येणाऱ्याकडे बघण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. तुम्ही कधी उशिरा आला असाल तर त्या नक्कीच लक्षात असतील.

माझं बुधवार पेठेत दुकान आहे. वडिलांच्या वेळी रेडिओ दुरुस्त व्हायचे, आता स्पीकर आणि माइक भाड्याने देतो. बाई पहिल्यांदा आल्या त्या एक म्हातारा टेपरेकॉर्डर घेऊन. आल्या, चपला काढल्या, आणि माझ्या दुकानातल्या लाकडी फळीवर टाच आपटली. वरच्या कप्प्यातला एक स्पीकर हलला. मी म्हटलं, अहो, काय करताय? म्हणाल्या, "तुमच्या दुकानातली एवढी एकच वस्तू चांगल्या आवाजाची आहे." असं बोलून पुन्हा माझ्याकडूनच काम करून घ्यायचं, हे त्यांना जमायचं.

त्या टेपवर लेहरा होता. नाचणाऱ्याच्या मागे सारंगीवर एकच ओळ फिरत राहते ना, तो. हल्ली ते सगळं मोबाइलवर मिळतं, तुम्ही कशाला हे डबडं सांभाळताय, असं मी सहज बोलून गेलो. तर म्हणाल्या की मोबाइलमधला वाजवणारा कधी थकत नाही, आणि जो थकत नाही त्याच्यासोबत नाचायला शिकू नये. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिला. मला नावाने मात्र त्यांनी कधी हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी "अहो दुकानदार"च राहिलो.

त्यानंतर मी त्यांच्या हातात सापडलो. आमच्या भागात एक जुनी संस्था आहे, तिचं लहानसं सभागृह आहे. दिवाळी संपली की तिथे नाच आणि नाटकांचे कार्यक्रम सुरू होतात ते होळीपर्यंत. समितीतले लोक त्याला महोत्सव म्हणायचे. बाई हंगाम म्हणायच्या. महोत्सव म्हटलं की हार येतात आणि भाषणं येतात, हंगाम म्हटलं की राबावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. शेवटी पत्रकावरही हंगामच छापायला लागले.

पहिल्याच कार्यक्रमाला मी माइक लावले. गायकाला एक, तबल्याला एक, सारंगीला एक. बाईंनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "अहो दुकानदार, गायकाला गळा आहे. पायाला कोण आहे?" मला काही कळेना. त्यांनी मला स्टेजच्या कडेला बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि एका मुलीला नाचायला सांगितलं. घुंगरांचा आवाज तर येतोच, पण त्याच्या खालून लाकडाचा एक आवाज येतो, पोटातून आल्यासारखा. तो मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता. त्या दिवसापासून मी एक माइक फळीजवळ ठेवायला लागलो. त्याला आम्ही पायाचा माइक म्हणतो.

भाचीच्या लग्नात त्यांनी काय केलं ते ऐका. मोठं कार्यालय, फुलांनी मढवलेलं स्टेज, नवरा-नवरी उभे, आहेर द्यायला रांग लागलेली. बाई वर गेल्या, अक्षता टाकल्या, आणि चपला काढून टाच आपटली. नवरा दचकला. बाई नवरीला म्हणाल्या, "खिळखिळं आहे गं. फोटो झाले की लगेच खाली उतर." भाची अजून ही गोष्ट सांगून हसते.

हे सगळं गमतीचं वाटेल. पण त्या टाचेमागे काय होतं ते एकदाच बोलल्या, तेही मी गुडघ्याची चौकशी केली म्हणून. लहानपणी भाड्याच्या खोलीत शहाबादी फरशीवर नाच शिकल्या. रोज सकाळ, रोज संध्याकाळ. गुरू मोठे होते, शिकवणं मोठं होतं, पण फरशी शेवटी दगडच. चाळिशी यायच्या आत उजवा गुडघा गेला. ज्या वयात नाच अंगात मुरायला लागतो त्या वयात त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "माझा नाच फरशीने खाल्ला," म्हणाल्या, आणि विषय बदलला. रडणं वगैरे नाही. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

म्हणूनच आमच्या सभागृहाच्या लाकडी स्टेजवर त्यांचा जीव होता. जुन्या सागवानी फळ्या, खाली पोकळी, पाय पडला की जरा झेलून घेणाऱ्या. जीव होता म्हणून तक्रारीही होत्या. समितीच्या प्रत्येक बैठकीत त्या सुरू व्हायच्या. फळ्यांत धूळ बसते, एक खिळा वर आलाय, कोपऱ्यात वाळवी दिसतेय, स्टेजकडे बघा, स्टेजकडे बघा. अध्यक्ष मान डोलवायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आम्ही त्यांना साहेब म्हणतो. मनाने अगदी सरळ माणूस. आणि सरळ माणसाने एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं, ते आम्ही त्या वर्षी पाहिलं.

पावसाळ्यात सभागृह बंद असतं. त्या वर्षी साहेबांनी गुपचूप काम काढलं. बाईंना अजिबात सांगू नका म्हणाले, सरप्राइज द्यायचंय. मी तेव्हा गणपतीच्या मांडवांच्या कामात गुंतलेलो, मला इतकंच कळलं की स्टेज नवीन होतंय. दसऱ्यानंतर आम्हा सगळ्यांना बोलावलं. पेढे आणले होते. साहेबांनी स्वतः दोरी ओढून पडदा उघडला.

पांढरीशुभ्र, गुळगुळीत, चकचकीत फरशी. वरचे दिवे तिच्यात दिसत होते. ना धूळ, ना खिळा, ना वाळवी. परीक्षेत पहिला आलेला मुलगा आईकडे बघतो, तसे साहेब बाईंकडे बघत होते. बाईंची एकूण एक तक्रार त्यांनी एका फटक्यात संपवली होती.

बाई वर चढल्या. चपला काढल्या, पदर खोचला, टाच आपटली. फट् असा एक मेलेला आवाज आला. बाई मान तिरकी करून नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "छान झालंय. दवाखाना कधी सुरू करताय?"

साहेबांच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. पुढे बराच वेळ समजावणं चाललं. साहेब म्हणाले, वर जाजम टाकू. बाई म्हणाल्या, जाजमात पाय अडकतो, त्यावर पंगत बसवा. कोणी म्हणालं, प्लायवुड टाकू. म्हणाल्या, दगडाला चिकटून काहीही टाका, खाली दगडच राहतो. मग साहेब जरा दुखावून म्हणाले की पत्रकं छापून झालीत, पाडव्यानंतरच्या शनिवारी पहिला कार्यक्रम आहे, असं असेल तर हंगाम पुढे ढकलू. बाईंनी शांतपणे चपला घातल्या. तारीख हलणार नाही, म्हणाल्या, आणि फरशीवर कोणी नाचणार नाही. दोन्ही.

हंगामाची सुरुवात त्यांच्याच शिष्येच्या कथकने होणार होती. खराडीला एका कंपनीत नोकरी करणारी मुलगी. घरी जागा नाही म्हणून सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टाइल्सवर रियाज करायची, आणि त्या वर्षी तिचा गुडघा दुखायला लागला होता. बर्फ लावून बाईंच्या क्लासला यायची आणि त्यांच्यापासून लपवायची. बाईंपासून पाय लपवणं म्हणजे माझ्यापासून खरखर लपवणं. त्या दिवशी ती तिथेच होती. तिला वाटलं आपल्यामुळे वाद वाढतोय. ती म्हणाली, "मॅम, इट्स ओके. मी अ‍ॅडजस्ट करीन ना. एकच तर शो आहे."

बाई तिच्याकडे वळल्या. "मीही अ‍ॅडजस्टच केलं होतं," एवढंच म्हणाल्या.



दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी बाई दारात हजर. जुन्या फळ्या कुठे गेल्या? नवीन सागवान घ्यायचं तर संस्थेच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि बाईंना नवीन नकोच होतं. वाळवी फक्त एका कोपऱ्यात होती, बाकीच्या फळ्या खणखणीत होत्या. मी ठेकेदाराला फोन लावला. त्याने सांगितलं की मांजरी गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला देऊन टाकल्या. मी पत्ता विचारून घेतला आणि म्हटलं, रविवारी बघू. बाई म्हणाल्या, "स्वारगेटला जाऊ या, तिथून बस मिळेल. शटर कशाला उघडताय?"

तर अशी आमची वरात मांजरीला गेली. एका बाजूला ऊस, एका बाजूला उंच इमारती, आणि मधे त्या शेतकऱ्याचं घर. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरी टोपी, दारात ट्रॅक्टर. फळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "हायेत की. गोठ्याच्या माळ्यावर टाकल्यात, कडब्याला." आम्ही गोठ्यात गेलो. खाली चार म्हशी, वर फळ्यांचा माळा, त्यावर कडबा रचलेला, आणि वर जायला बांबूची शिडी.

बाई शिडीकडे बघत राहिल्या. त्या गुडघ्याने शिडी चढणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, मी जातो. म्हणाल्या, तुमची टाच मऊ आहे, तुम्ही दुकानात बसता. आणि त्या शेतकऱ्याला म्हणाल्या, "दादा, जरा वर जाता का? चपला काढून."

बिचाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण चढले. बाई खालून सांगायला लागल्या. टाच आपटा. पंजा नाही, टाच. अजून जोरात. आता जरा डावीकडे. वर ते दाण दाण टाच आपटतायत, खाली कडब्याचा भुसा बाईंच्या अंबाड्यावर पडतोय, म्हशी कान टवकारून बघतायत, आणि बाई मान तिरकी करून डोळे मिटून उभ्या. चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिलो. "त्याच आहेत," म्हणाल्या. हरवलेलं माणूस सापडल्यावर काढावा तसा आवाज होता तो.

आता फळ्या मागायच्या कशा? बाईंनी साहेबांच्या शिल्लक फरश्यांची खोकी देऊ केली, गोठ्यात घाला, धुवायला सोपं. मी खिशातून मोबाइल काढून स्टेजचा फोटो दाखवला, तो शेतकऱ्याने मोठा करून पाहिला आणि मान हलवली. "न्हाई वो बाई. असल्यावर म्हशी घसरून पडतील. पाय मोडला तर काय करू मी?"

बाई मटकन तिथल्या उलट्या घमेल्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्या शेतकऱ्याला सगळं सांगितलं. मुली नाचतात, त्यांचे गुडघे जातात, माझा गेला. साडी जरा वर करून सुजलेला गुडघाही दाखवला, डॉक्टरला दाखवावा तसा. ते गृहस्थ गंभीर झाले. म्हणाले, न्या तुमच्या फळ्या, कडबा काय, पत्र्यावर बी राहतो. फुकट न्यायला बाई तयार होईनात. इकडे तिकडे बघितलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या की हे दुकानदार तुमच्या गावच्या उत्सवाला स्पीकर लावून देतील. मला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून दर वर्षी मी मांजरीला स्पीकर लावतो, आणि दर वर्षी ते मला हुरडा खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

फळ्या टेम्पोतून परत आल्या. आता खरा प्रश्न साहेबांचा होता. फरशी उखडली तर ते मनातून उखडले असते. समितीतल्या दोघा-तिघांना उखडायचीच होती, साहेबांना एकदा चांगलं सुनावायची संधी शोधत होते ते. बैठकीत बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पुन्हा दवाखाना निघतोय. पण म्हणाल्या, "फरशीला हात लावायचा नाही. ती मायेने बसवलीये. ती खाली राहू दे, वर लाकडी पट्ट्या आणि त्यावर फळ्या. खालून ओलही येणार नाही." मग साहेबांकडे बघून विचारलं की पट्ट्या किती अंतरावर ठेवायच्या, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

साहेब चष्मा काढून पुसत राहिले. मग दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीच्या आधी सभागृहात हजर. ह्या वयात स्वतः ओणवे होऊन पट्ट्या लावत होते. म्हशींची गोष्ट बाईंनी त्यांना चहा पिताना सांगितली, तर सगळ्यात आधी तेच हसले.

दिवाळी आली तरी काम चालू होतं. बाईंनी फराळाचा डबा स्टेजवरच आणला. एकेक फळी बसली की टाच आपटायच्या. "छे" म्हटलं की मिस्त्री निमूट खिळे काढायचा. त्याने माझ्याकडे तक्रार केली की गावातली सगळी कामं केली, पण कानाने पास होणारं काम पहिल्यांदाच करतोय. लोक म्हणायला लागले की एवढ्याशा नाचासाठी एवढं कोणी करतं का, बाईंचं जरा जास्तच आहे. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी खिळा तपासता तपासता उत्तर दिलं, "म्हणू देत."

शनिवार उजाडला. शेवटची फळी दुपारी बसली. संध्याकाळी सभागृह भरलं. मांजरीचे गृहस्थ सहकुटुंब आले होते, त्यांना बाईंनी पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी विंगेत माझ्या मशीनपाशी होतो, पायाचा माइक जोडलेला, आवाज बारीक. पडदा बंद. ती मुलगी घुंगरू बांधून मागे उभी. घंटा द्यायला माणूस तयार.

बाई म्हणाल्या, थांबा. आणि रिकाम्या स्टेजच्या मधोमध गेल्या. चपला काढलेल्याच होत्या, पदर खोचला. मला वाटलं, टाच आपटतील आणि येतील. त्यांनी टाच आपटली. फळी बोलली. मग त्यांनी दुसरा पाय टाकला, तो न वाकणारा. मग पुन्हा पहिला. ता थेई थेई तत्. अगदी सावकाश, घुंगरू नाहीत, लेहरा नाही, दोन्ही हात छातीशी धरलेले. मागची मुलगी तोंडावर हात दाबून रडत होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना नाचताना पाहिलं नव्हतं, आणि माझा हात आपोआप पुढे गेला, पायाच्या माइकचा आवाज मी जरासा वाढवला.

पडद्यापलीकडून एक खणखणीत पुणेरी आवाज आला, "वेळ झाली तरी ह्यांची ठोकाठोकी चालूच आहे. अहो, घरून ठोकून यायचं." लोक हसले. मी घाबरून आवाज कमी करायला गेलो. बाईंनी पाय न थांबवता माझ्याकडे पाहिलं आणि मानेने नको म्हणाल्या. "म्हणू देत," म्हणाल्या. आवर्तन पूर्ण केलं, खाली वाकून फळीला हात लावून कपाळाला लावला, आणि मग घंटा द्यायला सांगितली. कार्यक्रम कसा झाला ते सांगायला नको. त्या मुलीचा गुडघा अजून शाबूत आहे, यातच आलं.

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. संक्रांतीनंतर आजारी पडल्या आणि हंगाम संपायच्या आत गेल्या. दवाखान्यातही पलंगावरून उतरल्या की आधी जमीन तपासायच्या, नर्सना त्याची सवय झाली होती.

परवा समितीची बैठक झाली. ह्या वर्षीच्या हंगामाची पत्रकं आलीत. सुरुवातीला कथक, मग दोन एकांकिका, एक बालनाट्य, भरतनाट्यम. बघा जमलं तर. कोणीतरी सुचवलं की फळ्या जुनाट दिसतात, वर चकचकीत काहीतरी बसवून घेऊ, देणगीदार तयार आहे. मी तोंड उघडायच्या आत साहेब उठले. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण हे नीट ऐकू आलं होतं. बैठक अर्धवट सोडून ते स्टेजवर चढले, बूट काढले, मोजे काढले, आणि ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने टाच आपटली. मग खाली आमच्याकडे बघून विचारलं की आवाज आला का. आम्ही हो म्हटलं. "मग झालं तर," म्हणाले आणि बूट घालायला बसले.

तुम्ही येणार असाल तर वेळेवर या. दारात आता कोणी घड्याळाकडे बघत नाही, तरी या. पहिल्या घंटेच्या आधी पडद्यामागून दाण दाण आवाज येईल. ती मुलगी बाईंच्या जागी उभी राहून एक आवर्तन करते, घुंगरू न बांधता, आणि मी पायाच्या माइकचा आवाज जरासा वाढवतो. तुमच्या शेजारचा कोणीतरी म्हणेलच, की वेळ झाली तरी ह्यांची ठोकाठोकी चालूच आहे.

म्हणू देत.